अंगणातील हौद व त्याची गाळणी

रंगीत माशांच्या हौदाला गाळणी कोणती बसवावी, हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभेल की नाही, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातून तो मांडणारा माणूस कामगार संघटनेतला. ज्याने पगार, बोनस आणि सेवेत कायम होणे यांवर बोलावे, त्याने माशांवर का बोलावे? उत्तर सरळ आहे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण जे झाले ते पुस्तकांत आणि पाणीपुरवठ्याच्या कामगारांच्या सहवासात झाले. संघटनेच्या कामासाठी जलशुद्धीकरण केंद्रावर गेलो की पाळी संपेपर्यंत थांबावे लागे, आणि तेवढ्या वेळात फिटर आणि व्हॉल्व्हमन मंडळींकडून गाळणीचा धडा मिळे. शहराला पाणी पाजणारी गाळणी आणि अंगणातल्या हौदाची गाळणी यांचे शास्त्र एकाच मुळाचे आहे. फरक आहे तो आकाराचा आणि हेतूचा. लहान गोष्टीवरून मोठी गोष्ट समजते, म्हणून हा विषय निवडला.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गावांतही नव्या घरांच्या अंगणांत, शाळांच्या आवारांत असे हौद दिसू लागले आहेत. हौद बांधताना हौसेने खर्च होतो, मासे आणले जातात, आणि महिन्याभरात ते पोट वर करून तरंगू लागतात. मग दोष दृष्टीला, माशाला किंवा दुकानदाराला दिला जातो. खरा दोष बहुधा पाण्यात असतो, आणि पाण्याचा दोष गाळणीत असतो.

मासा कोण, कोठला?

या हौदांत पाळला जाणारा मुख्य मासा म्हणजे कोई. जपानी भाषेत कोई म्हणजे कार्प. आपल्या तळ्यांत मच्छीमार सहकारी संस्था ज्या सायप्रिनसचे बीज सोडतात, त्याचाच हा रंगीत भाऊबंद. त्याची जन्मकथा मला विशेष आवडते, कारण ती राजवाड्यात घडलेली नाही. जपानच्या निइगाता प्रांतात यामाकोशी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे बर्फ अतोनात पडते. हिवाळ्यात खायला काही असावे म्हणून तेथील भातशेती करणारे शेतकरी खाचरांना पाणी देणाऱ्या तळ्यांत साधे कार्प पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांतील काही माशांच्या अंगावर तांबडे, पांढरे पट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी ते निवडून वेगळे ठेवले, त्यांची वीण वाढवली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि मग त्यांचे नाव देशभर झाले. २००४ सालच्या ऑक्टोबरात त्या मुलखात मोठा भूकंप झाला, रस्ते तुटले, तेव्हा वाचलेले जातिवंत मासे हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. शेतकऱ्याच्या पोटाच्या सोयीतून निघालेली ही कला आहे.

आता त्या डोंगरात आणि आपल्या अंगणात फरक काय, तो पाहा. तेथे तळ्याला वाहते पाणी आहे. झऱ्याचे पाणी एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूने खाचरात जाते, आणि घाण आपोआप वाहून जाते. आपल्या मराठवाड्यातही असा एक नामांकित हौद आहे. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ती उभी राहिली. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी आणले गेले, ते उंच भिंतीवरून खालच्या प्रशस्त हौदात पडत असे, आणि त्या पाण्यावर पिठाची चक्की फिरत असे. हा हौद माशांनी भरलेला असल्याचे वर्णन जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्या माशांना गाळणी कोणी बसवली नव्हती. सतत येणारे ताजे पाणी आणि उंचावरून पडताना त्यात मिसळणारी हवा, हीच त्यांची गाळणी. ज्याच्याजवळ वाहते पाणी आहे त्याला यंत्राची गरज नाही. आपल्याजवळ ते नाही. आपला हौद म्हणजे डबके आहे, आणि डबक्याला नदीचे गुण आणून देणे हे गाळणीचे काम आहे.

घाण दोन प्रकारची

गाळणी म्हटले की चहाची गाळणी डोळ्यांसमोर येते. चोथा वर, चहा खाली. लोक हौदासाठी हाच विचार करतात आणि येथेच फसतात. हौदातली घाण दोन प्रकारची असते. एक दिसणारी, म्हणजे विष्ठा, उरलेले खाद्य, पाने, शेवाळ. दुसरी विरघळलेली, ती डोळ्यांना दिसत नाही आणि कोणत्याही जाळीत अडकत नाही. मासा मरतो तो बहुधा या दुसऱ्या घाणीने. पाणी काचेसारखे स्वच्छ असूनही मासे मरतात, त्याचे इंगित हे.

ही न दिसणारी घाण म्हणजे अमोनिया. माणूस जसा लघवीवाटे नत्र बाहेर टाकतो तसा मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात टाकतो. खाद्य कुजले तरी अमोनियाच होतो. पाण्यात या अमोनियाची दोन रूपे असतात, एक सौम्य आणि एक विषारी. विषारी रूपाचे प्रमाण पाण्याच्या अल्कतेवर आणि उष्णतेवर ठरते. अल्कता मोजण्याचे जे माप आहे, ज्याला पीएच म्हणतात, ते ७ असेल आणि पाणी २५ अंश असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग शेकडा अर्धा ते पाऊण टक्का असतो. पीएच ८ झाला की तोच भाग शेकडा ५ वर जातो, आणि ९ झाला की ३५ च्या पुढे. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण विष साठपट. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, त्यात मे महिन्याचे ऊन. तेव्हा थंड देशातल्या माहितीपत्रकावर विसंबून येथे हौद चालवता येणार नाही.

न दिसणारे कामगार

मग या अमोनियाचा निकाल कोण लावतो? सृष्टीने त्यासाठी कामगार नेमलेले आहेत. ते जिवाणू आहेत. विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास त्यांना वेगळे करून दाखवले. त्यांचे काम दोन पाळ्यांत चालते. पहिल्या पाळीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. हे नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि रक्त तपकिरी पडते. दुसऱ्या पाळीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बऱ्याच प्रमाणात सोसते, आणि झाडांना तर ते खतच आहे. अलीकडे, २०१५ साली, दोन्ही कामे एकट्याने करणारे जिवाणूही सापडले आहेत. पण हौदवाल्याच्या हिशेबात त्याने फरक पडत नाही.

या कामगारांच्या मागण्या मोजक्या आहेत, आणि त्या पुऱ्या केल्याशिवाय काम होत नाही. पहिली मागणी घराची. हे जिवाणू पाण्यात तरंगत काम करीत नाहीत. दगडावर, विटेवर, प्लॅस्टिकवर चिकट थर करून राहतात. म्हणून त्यांना पृष्ठभाग पाहिजे. दुसरी मागणी हवेची. अमोनियातील एक ग्रॅम नत्राचा निकाल लावायला त्यांना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. तिसरी मागणी पाण्यातल्या चुन्यासारख्या क्षारांची, एक ग्रॅम नत्रामागे सुमारे सात ग्रॅम. आपल्या बोअरच्या पाण्यात ते भरपूर असतात. पण हौद केवळ पावसाच्या पाण्याने भरला तर ते संपतात, अल्कता एकदम घसरते आणि काम बंद पडते. अशा हौदात चुनखडीचे किंवा शिंपल्यांचे तुकडे पोत्यात घालून ठेवावेत. चौथी मागणी वेळेची. नवी वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या हौदात पहिल्याच दिवशी दहा मासे सोडून त्यांना मूठभर खाद्य टाकणे म्हणजे कारखान्यात कामगार भरती होण्याआधी कच्चा माल आणून ओतणे होय. तो सडणारच. प्रथम दोन मासे, चिमूटभर खाद्य, आणि अमोनिया-नायट्राइट तपासण्याच्या बाटल्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात त्यांनी दर दोन दिवसांनी तपासणी, असा क्रम ठेवावा. नायट्राइट वाढलेले दिसले तर हजार लिटरला एक किलो साधे मीठ विरघळवल्यास माशांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

आणि पाचवी गोष्ट, क्लोरीन. आपल्या हिंगोलीला सिद्धेश्वर धरणाचे पाणी शुद्ध करून मिळते. त्यात रोगजंतू मरावेत म्हणून क्लोरीन असते, आणि असलेच पाहिजे. पण क्लोरीन रोगजंतू आणि कामगार जिवाणू असा भेद करीत नाही. नळाची नळी थेट हौदात सोडली, किंवा गाळणीची खडी नळाखाली धुतली, तर सगळी वसाहत एका दिवसात उठते. नळाचे पाणी उघड्या टाकीत दोन दिवस ठेवून मग घालावे. घाई असेल तर छायाचित्रकार वापरीत तो हायपो हजार लिटरला सात ग्रॅम घातल्याने लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंतचे क्लोरीन नाहीसे होते. खडी धुवायची ती हौदातल्याच पाण्याने धुवावी.

गाळण्यांचे प्रकार

आता बाजारात आणि बांधकामात कोणते प्रकार मिळतात ते एकेक करून पाहू.

पहिला, मंद वाळूची गाळणी. ही पिण्याच्या पाण्याची जुनी आणि थोर गाळणी. १८२९ साली जेम्स सिम्प्सन याने लंडनच्या एका पाणी कंपनीसाठी ती बांधली. तिचा पराक्रम १८९२ साली जर्मनीत दिसला. हांबुर्ग आणि आल्टोना ही शेजारशेजारची शहरे, दोन्ही एल्बे नदीचेच पाणी पिणारी. आल्टोना वाळूतून गाळून पीत असे, हांबुर्ग न गाळता. पटकीची साथ आली तेव्हा हांबुर्गात साडेआठ हजारांवर माणसे मेली. आल्टोना पुष्कळसे बचावले. वाळूच्या वरच्या थरात जी जिवंत साय धरते तिची ती करामत होती. पण ही गाळणी फार सावकाश चालते, एक चौरस मीटर वाळूतून तासाला शंभर ते दोनशे लिटर. आपल्या हौदाला पुढे आपण तासाला ३६०० लिटरचा हिशेब करणार आहोत. त्यासाठी १८ ते ३६ चौरस मीटर वाळू लागेल, आणि हौद आहे ६ चौरस मीटरचा. गाळणी हौदाच्या तिप्पट-सहापट! तेव्हा ती नगराला योग्य, अंगणाला नाही.

दुसरा, जलद वाळूची बंद टाकी, जशी पोहण्याच्या तलावाला असते. ती जागा थोडी घेते, पण माशांच्या चिकट घाणीने वाळूचे ढेप बनतात आणि पाणी एकाच भेगेतून पळू लागते. शिवाय ती उलट्या पाण्याने वारंवार धुवावी लागते, आणि त्यात पाणी फार जाते. पाणी मोजून वापरणाऱ्या जिल्ह्यात ती परवडणारी नाही.

तिसरा, दाबाचा बंद डबा. आत स्पंज आणि प्लॅस्टिकचे मणी, बहुधा सोबत अतिनील दिवा. दिसायला सुबक, बसवायला सोपा. दोष पुढे सांगतो.

चौथा, पाण्यात बुडालेली खडी. हौदाच्या कडेला कप्पा बांधून त्यात खडी भरायची आणि पाणी खालून वर न्यायचे. स्वस्त आहे आणि चालते. पण आधी गाळ काढला नाही तर खडीच गाळाने भरते, आणि मग ती उपसणे मोठ्या कष्टाचे.

पाचवा, पाझर गाळणी. खडीचा, विटांच्या झाम्याचा किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा ढीग हौदाच्या वर रचायचा आणि त्यावर पाणी शिंपडायचे. पाणी पातळ थराने झिरपत खाली येते, ढिगात हवा खेळत राहते. विलायतेत आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या सांडपाण्यासाठी ही पद्धत निघाली, आणि आजही चालू आहे.

सहावा, हलत्या तुकड्यांची गाळणी. प्लॅस्टिकच्या लहान चाकांना टाकीत हवेने सतत घुसळत ठेवायचे. नॉर्वेमध्ये ती १९८० नंतरच्या दशकात तयार झाली. गुणी आहे, पण तिला पंपाशिवाय हवेचे दुसरे यंत्रही अखंड चालू लागते.

सातवा, वनस्पतींचा वाफा. कर्दळ, वेखंड, पाणकणीस यांची मुळे पाण्यात सोडायची. ती नायट्रेट खातात. इतर कोणतीच गाळणी नायट्रेट काढीत नाही, हे ध्यानात ठेवावे. मात्र जलपर्णी लावू नये. ती पुरात वाहून कयाधूत गेली तर नदीचा गळा आवळील.

अतिनील दिव्याविषयी एक शब्द. तो हिरवे पाणी निवळतो, एवढेच त्याचे काम. अमोनियाला तो हात लावीत नाही. हौदावर सावली केली तर त्याची गरजही फारशी उरत नाही.

हिशेब

विशेषणांनी गाळणी निवडता येत नाही, आकड्यांनी निवडावी. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल हौद घ्या. लांबी, रुंदी, खोलीचा गुणाकार ७.२ घनमीटर, म्हणजे ७२०० लिटर. कोई मोठा होणारा मासा आहे, त्याला हजार लिटर तरी मोकळे द्यावेत. म्हणजे सात मासे. पन्नास नव्हेत.

हौदातले सगळे पाणी दोन तासांत एकदा गाळणीतून गेले पाहिजे, म्हणजे तासाला ३६०० लिटर, सेकंदाला एक लिटर. दीड मीटर उंच चढवायला प्रत्यक्ष शक्ती १५ वॅट पुरते. पंपाची आणि नळांची गळती धरून ५० वॅटचा पंप घ्या. तो अहोरात्र चालला तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. शेतातल्या विहिरीचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप येथे लावणे म्हणजे बिल वाढवून घेणे.

आता जिवाणूंच्या घराचा हिशेब. दिवसाला १०० ग्रॅम खाद्य टाकले आणि त्यात ३५ टक्के प्रथिन असले, तर त्यातून सुमारे ३.२ ग्रॅम अमोनिया-नत्र निघते. एक चौरस मीटर पृष्ठभागावरचे जिवाणू हौदाच्या स्थितीत दिवसाला ०.२ ग्रॅमचा निकाल लावतात असे धरा. म्हणजे १६ चौरस मीटर पृष्ठभाग पाहिजे. २० मिलिमीटर खडीच्या एका घनमीटरात दीडशे ते दोनशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्या हिशेबाने शंभर लिटर खडी पुरेशी होते. पण काही भाग गाळाने झाकला जातो, काही कोरडा राहतो. म्हणून तिप्पट धरावी, तीनशे लिटर. तीनशे लिटर खडीचे वजन साडेचारशे किलोच्या घरात जाते, तेव्हा खाली पक्का ओटा पाहिजे. गवंड्याला हे आधी सांगावे.

हा हिशेब उलटाही वाचता येतो. खाद्य निम्मे केले तर घाण निम्मी होते. सर्वांत स्वस्त गाळणी म्हणजे खाद्याच्या डब्याचे झाकण.

विजेचा प्रश्न

आता मी मघाशी राखून ठेवलेला दोष सांगतो. परदेशी पुस्तकांत गाळण्यांची तुलना करताना वीज अखंड आहे हे गृहीत असते. आपल्याकडे वळवाचा वारा सुटला की तारा तुटतात, आणि वीज केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा वेळी बंद डब्यात काय होते? जिवाणू आतल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि मग गुदमरून मरतात. त्यांची मढी कुजतात, सडक्या अंड्यांचा वास सुटतो. वीज येते, पंप सुरू होतो, आणि ते सगळे विषारी पाणी एका झटक्यात हौदात जाते. मालकाला वाटते, वीज आली, आता मासे वाचले; आणि मासे त्याच क्षणी मरू लागतात.

पाझर गाळणीत तसे होत नाही. पंप थांबला की पाणी खाली निथळते आणि ओली खडी हवेत उघडी राहते. जिवाणू कित्येक तास जगतात. म्हणून आपल्या भागासाठी माझा कौल पाझर गाळणीला आहे. तिचा दुसरा लाभ असा की, पडणारे पाणी हवा घेऊन पडते, पाणचक्कीच्या हौदात पडत असे तसे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसातच. उन्हाळ्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. त्यातून रात्री शेवाळही प्राणवायू खाते. मासे पहाटे मरतात ते यामुळे. म्हणून वीज वाचवायला रात्री पंप बंद ठेवणे हा नेमका उलटा मार्ग आहे. काटकसर करायचीच तर माशांच्या संख्येत करावी.

साफ कोण करणार?

माहितीपत्रकांत न सापडणारा एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही गाळणी साफ कोण करणार, आणि कसा?

पाझर गाळणीच्या आधी गाळ बसण्याचा एक कप्पा असावाच लागतो. हौदाच्या तळातून चार इंची नळाने पाणी आपल्या भाराने त्या कप्प्यात येते, सुमारे तीनशे लिटरच्या त्या कप्प्यात पाच मिनिटे संथ होते, घाण खाली बसते, आणि वरचे निवळ पाणी पंप उचलतो. पंप कप्प्याच्या नंतर ठेवावा. आधी ठेवला तर घाणीचा तो लगदा करतो आणि मग ती बसत नाही. पण हौद जमिनीत पूर्ण पुरलेला असेल तर हा कप्पाही खड्ड्यात जातो. मग दिसायला बरे म्हणून त्यावर फरशीचे झाकण घातले जाते. वर्षभराने कोणीतरी गरजू माणूस शे-पाचशे रुपयांवर आणून त्यात उतरवला जातो.

श्रोतेहो, कुजलेल्या गाळातून जो वायू निघतो तोच गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणसे मारतो. गटारे आणि मैल्याच्या टाक्या यांची जोखमीची सफाई माणसाकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात. माशांच्या हौदाचा कप्पा त्या मानाने लहान. पण बंद खड्डा आणि कुजलेला गाळ ही जोडी लहानमोठे पाहत नाही. म्हणून गाळणी निवडताना अशी अट घालावी की, जिच्या सफाईसाठी माणसाला आत उतरावे लागेल ती गाळणी आपली नव्हे. हौद निम्मा जमिनीवर कठडा करून बांधा. कप्पा उघडा, कमरेइतका, बाहेर उभे राहून हात पोचेल असा करा. तळाला उतार देऊन मोठा व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे तो फिरवला की गाळ आपोआप बागेत जाईल. आणि ते काम मालकाने स्वतः आठवड्यातून एकदा करावे. स्वतःला जे करवत नाही ते दुसऱ्याकडून करवून घेण्याची सोय बांधकामात ठेवूच नये.

पंपाच्या तारेलाही हाच न्याय. पाणी आणि वीज शेजारी आली की जीव जातो. अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा-स्विच यांवाचून पंप चालू करू नये, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा.

पाण्याचा वाटा

शेवटचा मुद्दा पाण्याच्या वाट्याचा. ७२०० लिटरच्या या हौदात आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तर ७२० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १०० लिटर. मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी आटले असे धरले तर ६ चौरस मीटरवर ६० लिटर. एकूण १६० लिटर. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर ठरवले आहेत. म्हणजे सात मासे तीन खेडुतांचे पाणी पितात. हा आकडा मी कोणाला लाजवण्यासाठी सांगत नाही. शोभेची आवड ही श्रीमंतांचीच असावी असे मला वाटत नाही. दिवसभर राबलेल्या माणसालाही संध्याकाळी पाण्याजवळ बसावेसे वाटते. पण हिशेब ठाऊक असला पाहिजे.

हा आकडा कमी करता येतो, आणि तोही गाळणीच्याच निवडीने. पाझर गाळणीतून आलेले पाणी कर्दळीच्या वाफ्यातून फिरवा. नायट्रेट झाडे खातील, आणि खाद्य हात राखून टाकल्यास पाणी थोडेच बदलावे लागेल. तपासणीच्या बाटलीने खात्री करून घ्या. हौदावर मांडव घाला आणि गाळणीच्या बाजू झाका, नाहीतर झिरपताना पाणी उडून जाते. जे पाणी काढाल ते नायट्रेटचे खतपाणी आहे. ते गटारात न सोडता भाजीला, झाडांना द्या. झाडांना पाणी तुम्ही घालणारच होता, ते आता माशांच्या हातून जाईल. छपराचे पाणी साठवा. ५० चौरस मीटर छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४० हजार लिटर पडतात. त्यांतले निम्मे जरी धरले तरी हौद पावणेतीन वेळा भरेल. आणि ज्या वर्षी आपल्या गल्लीत टँकर येईल, त्या वर्षी मासे एखाद्या मोठ्या हौदवाल्याकडे पाठवून हौद कोरडा ठेवण्याची तयारी असावी. मासे तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नयेत. कार्प तळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो आणि इतर माशांची घरटी उधळतो.

सारांश असा. आधी माशांची संख्या आणि खाद्य ठरवा. त्यावरून खडीचे माप काढा. गाळ बसवायचा कप्पा पहिला, पंप दुसरा, पाझर गाळणी तिसरी, वनस्पतींचा वाफा चौथा, हा क्रम ठेवा. विजेविना किती तास निभावेल, साफसफाई उभ्याने होते का, आणि दिवसाला पाणी किती लागते, हे तीन प्रश्न विकणाऱ्याला विचारा. ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या यंत्राची चकाकी पाहून भुलू नका.

आणि पुढच्या वेळी नळाला पाणी येईल तेव्हा एवढे ध्यानात आणा की, सिद्धेश्वरचे गढूळ पाणी तुमच्या हंड्यापर्यंत निवळून येते ते एका मोठ्या गाळणीतून. तेथेही तुरटी घालून गाळ बसवावा लागतो, वाळू धुवावी लागते, रात्रीची पाळी करावी लागते. हौदाची गाळणी बंद पडली तर सात मासे मरतात. नगराची बंद पडली तर काय होते, ते हांबुर्गने १८९२ साली पाहिले. ती चालवणाऱ्या माणसांचे काम आपल्याला दिसत नाही, जिवाणूंचे दिसत नाही तसेच. पण आपण जगतो ते त्याच्यावर.